नवरा व्हीलचेअरवर, दारात बँकेची नोटीस, आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत

धायरीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाल्यात, म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. मिस्टर खेड-शिवापूरच्या एका छोट्या कंपनीत सुपरवायझर होते, सातारा हायवेवर त्यांच्या बाईकला टेम्पोने उडवलं, मणक्याला मार लागला आणि कमरेखालची हालचाल गेली. त्याला आता पाच महिने होत आले. वन बीएचके फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, २०१८ मध्ये बँकेकडून २२ लाखांचं लोन घेतलं होतं, हप्ता २२ हजार, अजून १६ लाख बाकी. अपघातानंतर एकही हप्ता गेलेला नाही. तीन आठवड्यांपूर्वी नोटीस आली की साठ दिवसांत सगळी रक्कम भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. ओळखीच्या एका माणसाने वकील गाठून दिला, तो म्हणतो साठ हजार द्या, लगेच स्टे आणून देतो. दीर म्हणतात घर माझ्या नावावर करून द्या, मग बँक काही करू शकणार नाही. ताई डबे करून महिन्याला दहा-बारा हजार कमावतात, मुलगी नववीत आहे. आणि शेवटी लिहिलंय, "कोर्टात फुकट वकील मिळतो असं ऐकलं, पण तो फक्त अगदी गरिबांना मिळतो ना? आणि फुकटचा वकील मन लावून लढेल का?"

ताई, तुमच्या या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सरकारी खर्चाने वकील मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि तो तुम्हाला एकदा नाही, दोनदा लागू होतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या १२ व्या कलमात कोणाला मोफत वकील द्यायचा याची यादी दिलीये. त्यात दिव्यांग व्यक्ती आहे, आणि वेगळ्याने स्त्री पण आहे. या दोघांनाही उत्पन्नाची अट नाही. तीन लाखांची जी मर्यादा लोक सांगतात ती महाराष्ट्रात बाकीच्यांसाठी आहे, म्हणजे जे फक्त कमी उत्पन्न या कारणावर अर्ज करतात त्यांच्यासाठी. तुमच्याकडे कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर शांतपणे सांगायचं की मी स्त्री म्हणून अर्ज करतेय, लोन माझ्याही नावावर आहे, नोटीस माझ्याही नावाने आलीये. हे मुद्दाम सांगतेय कारण मिस्टरांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट अजून झालेलं नाही असं तुम्ही लिहिलंय आणि बरेच लोक त्या कागदासाठी थांबून राहतात, तोवर नोटिशीची मुदत संपून जाते. तुम्ही थांबू नका, आज तुमच्या नावाने अर्ज टाका. सर्टिफिकेटचं काम बाजूने चालू दे, स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा आणि तपासणीला ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. उपचार अजून चालू असतील तर तात्पुरतं सर्टिफिकेट पण मिळतं. ते तुम्हाला पुढे बऱ्याच ठिकाणी लागणार आहे.

आता जायचं कुठे. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे. मिस्टरांना न्यायची गरज नाही, तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. धायरीहून स्वारगेटपर्यंत बस किंवा रिक्षा आणि तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरलं की कोर्ट जवळच आहे, आणि पुढे कधी मिस्टरांना न्यायची वेळ आलीच तर मेट्रोला लिफ्ट आहेत हे लक्षात असू दे. जाण्याआधी १५१०० ला फोन करा, ही देशभरची मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन आहे, काय कागद आणायचे ते विचारून घ्या. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, ऑनलाइन पण करता येतो. आधार, नोटीस, लोनचे जे काही कागद सापडतील ते, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि पोलिसांचे कागद एवढं घेऊन जा. सगळं सापडलं नाही म्हणून जाणं पुढे ढकलू नका, नोटीस आणि आधार हातात असलं तरी निघा.

अर्जात एक वाक्य मात्र आठवणीने टाका, की हे सरफेसी कायद्याचं प्रकरण आहे आणि पुढे डीआरटीत जावं लागू शकतं म्हणून तिथली कामं करणारा पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील द्यावा. सरफेसी म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण घराचा ताबा बँकेला घेऊ देणारा कायदा. डीआरटी म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण, ते पुण्यातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. हे का सांगते, तर पॅनेलवर घटस्फोट, पोटगी, जमिनीचे वाद बघणारे पण वकील असतात आणि ते कितीही चांगले असले तरी बँकेची ही प्रकरणं वेगळ्या कायद्याने चालतात. कोणी म्हणालं की न्यायाधिकरणासाठी मोफत वकील मिळत नाही तर ते चुकीचं आहे, विधी सेवा कायद्यात कोर्ट या शब्दाच्या व्याख्येतच न्यायाधिकरणं धरलेली आहेत. आणि फक्त वकिलाची फी नाही, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही यात बसतो. १६ लाखांच्या कर्जावर डीआरटीत अर्ज करायचा तर नुसती फीच साडेसहा हजार होते, तुमच्यासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून तीही मागा.

फुकटचा वकील मन लावून लढेल का, याचं खरं उत्तर देते. काही जण फार चांगले असतात, जीव तोडून काम करतात, आणि काहींच्या डोक्यावर इतकी कामं असतात की तुमची फाइल तारखेच्या आदल्या दिवशीच उघडली जाते. पैसे देऊन केलेल्या वकिलाचंही असंच असतं हो. तुम्ही एवढं करा, सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एक फाइल बनवा, वर एका पानावर काय कधी झालं ते लिहा, प्रत्येक भेटीत पुढची तारीख आणि पुढचं काम काय ते विचारून वहीत लिहून ठेवा. वकील फोनच उचलत नाही, तारखेला जात नाही असं झालं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, वकील बदलून मिळतो. सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात. आणि पॅनेलच्या वकिलाने तुमच्याकडे वेगळे पैसे मागितले, अगदी "चहापाण्याला" म्हणून मागितले, तरी द्यायचे नाहीत आणि तेही सचिवांना सांगायचं. घाबरू नका, तक्रार केली म्हणून तुमची मदत बंद होत नाही.

आता साठ हजारांचा स्टे. ताई, तो माणूस तुम्हाला जे विकतोय ते या टप्प्यावर मिळतच नाही.

तुम्हाला आलेली नोटीस सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची आहे. या नोटिशीच्या विरोधात डीआरटीत जाताच येत नाही, कायद्यात तशी सोय नाही. आणि दिवाणी कोर्टात जाऊन स्टे आणतो म्हणत असेल तर या प्रकरणांत दिवाणी कोर्टाला कलम ३४ ने हात घालायला मनाई केलेली आहे. डीआरटीचा दरवाजा उघडतो तो बँकेने ताब्याचं पाऊल उचलल्यावर, म्हणजे कलम १३(४) खाली ताब्याची नोटीस दारावर चिकटवली, पेपरात छापून आली, की त्या दिवसापासून ४५ दिवस तुमच्याकडे कलम १७ चा अर्ज करायला असतात. ते ४५ दिवस फार महत्त्वाचे आहेत, तेव्हा पॅनेलचा वकील तयार पाहिजे, म्हणून आत्तापासून अर्ज करा म्हणतेय. आणि ताब्याची नोटीस चिकटवली म्हणजे त्या दिवशी घरातून बाहेर काढलं असं नसतं, तो कागदोपत्री ताबा असतो. प्रत्यक्ष घर रिकामं करायला बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आदेश आणावा लागतो. वसुलीवाला एजंट दारात येऊन उद्या कुलूप लावतो म्हणाला तर त्याला तसा काहीही अधिकार नाही. फोनसुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, केला तर रेकॉर्ड ठेवा.

मग या साठ दिवसांत काय करायचं? उत्तर द्यायचं. हे कोणी सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगते. १३(२) च्या नोटिशीला तुम्ही लेखी उत्तर दिलं की बँकेला ते वाचून, मान्य नसेल तर का नाही हे १५ दिवसांत लेखी कळवावं लागतं, कलम १३(३अ) मध्ये आहे. बँकेने उत्तर दिलंच नाही किंवा नुसतं "मान्य नाही" एवढंच लिहिलं तर तो मुद्दा पुढे डीआरटीत तुमच्या कामाला येतो. हे उत्तर प्राधिकरणाच्या ऑफिसातल्या वकिलाकडून लिहून घ्या, पण वेळ कमी असेल तर स्वतः मराठीत लिहा. अपघाताची तारीख, हॉस्पिटल, मिस्टरांची आत्ताची अवस्था, अपघाताआधी सात वर्षं हप्ते वेळेवर गेलेत ही गोष्ट, आणि मग मागणी. खात्याचं पूर्ण स्टेटमेंट द्या, दंड म्हणून काय काय लावलंय ते वेगळं दाखवा, कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. दंडाचं मुद्दाम विचारा, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानंतर हप्ता चुकल्याचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर परत व्याज लावता येत नाही. मुदतीचा हिशोब पण मांडून द्या, म्हणजे १६ लाख जर १५ वर्षांवर पसरले तर ९ टक्क्यांनी हप्ता साधारण सव्वासोळा हजार येतो, २२ हजारांच्या जागी. बँकेने ते मान्य केलंच पाहिजे असा कायदा नाही, पण आकडा घेऊन आलेल्या माणसाशी बोलणं त्यांनाही सोपं जातं. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, वर ब्रँचला एक प्रत देऊन शिक्का मारून घ्या, पावत्या फाइलला. बँकेच्या कोणी तोंडी सांगितलं की "दोन हप्ते भरा, मग बघू" तर तेही ईमेलवर लिहून द्यायला सांगा आणि मगच पैसे भरा, कारण खातं पूर्ण नियमित व्हायला मागची सगळी थकबाकी भरावी लागते, थोडे पैसे भरून नोटीस आपोआप रद्द होत नाही.

दंड, एजंटचा त्रास, स्टेटमेंट न देणं यासाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्याला फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर लोकपालाकडे, माहितीचा नंबर १४४४८. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं लोन हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर त्यांनी नॅशनल हाउसिंग बँकेकडे तक्रार करायची. पण लोकपाल ताबा थांबवत नाही, त्यामुळे फक्त तिकडे तक्रार टाकून निवांत राहू नका.

आता दिरांचं. ताई, हे मी जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. १३(२) ची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय ते घर विकता, बक्षीसपत्र करता किंवा भाड्याने देता येत नाही, कलम १३(१३) आहे. म्हणजे दिरांच्या नावावर केलंत तरी बँकेचा बोजा तसाच राहणार, वर तुम्ही दोघं कायदा मोडल्याच्या कचाट्यात सापडणार, आणि घरावरचा तुमचा हक्क मात्र खरोखर जाणार. ते चांगल्या मनाने म्हणत असतील, मी त्यांच्या मनात शिरत नाही. पण पत्रात एक ओळ आहे की "भाऊजी म्हणतात याला आता काय कळतंय, कुलमुखत्यारपत्र घेऊन टाकू." ती वाचून मला फार वाईट वाटलं. तुमच्या मिस्टरांचे पाय गेलेत, बुद्धी गेलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात १३ वं कलम आहे, मालमत्ता बाळगण्याचा, आपले पैशाचे व्यवहार स्वतः करण्याचा, बँकेकडून कर्ज घेण्याचा अधिकार दिव्यांग माणसाला इतरांइतकाच आहे. बँकेला जाणाऱ्या पत्रावर त्यांची सही घ्या, त्यांना वाचून दाखवा, काय लिहायचं ते त्यांना विचारा. लोनचे कागद कुठे आहेत, कोणत्या साहेबांशी बोलणं झालं होतं हे त्यांनाच माहीत असेल. हाताने सही जमत नसेल तर अंगठाही चालतो. आणि कोणालाच, अगदी सख्ख्या भावालाही, आत्ता या धांदलीत कुलमुखत्यारपत्र, कोरा चेक किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

एका गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही आणि मला वाटतं तुमच्या घराचा प्रश्न तिथे सुटू शकतो. अपघाताची भरपाई.

टेम्पोचा नंबर पोलिसांच्या कागदात आहे म्हणता, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, याच शिवाजीनगर कोर्टात, टेम्पोचा मालक आणि त्याच्या इन्शुरन्स कंपनीवर दावा टाकता येतो. गेलेलं उत्पन्न, पुढचं उत्पन्न, उपचार, सांभाळायला लागणारा माणूस, हे सगळं त्यात मागता येतं. पण २०२२ पासून हा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा अशी मुदत कायद्यात आहे आणि तुमचे पाच होत आलेत. म्हणजे बँकेच्या नोटिशीपेक्षाही हे आधी. प्राधिकरणात जाल तेव्हा एकाच फेरीत दोन अर्ज द्या, एक बँकेसाठी आणि एक या दाव्यासाठी, आणि दुसऱ्यावर ठळक लिहा की मुदत अमुक तारखेला संपतेय. हॉस्पिटलच्या बाहेर कार्ड देऊन "फी काही नको, भरपाईतले वीस टक्के द्या" म्हणणारे भेटले असतील तुम्हाला. भरपाईत वाटा ठरवून फी घेणं हे वकिलांसाठी बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही, आणि जे काम तुम्हाला फुकट मिळायचा हक्क आहे त्यासाठी मुलीच्या भविष्याचे पैसे कशाला वाटायचे.

दुसरं, बाईकची पॉलिसी शोधा. बाईक मिस्टरांच्या नावावर होती का, लायसन्स चालू होतं का, आणि पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर घेतला होता का, हे तीन प्रश्न. हा कव्हर १५ लाखांचा असतो आणि फक्त मृत्यूसाठी असतो असा बहुतेकांचा समज आहे, पण कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरी त्यात पूर्ण रक्कम मिळायची तरतूद असते. चूक टेम्पोची की बाईकची याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्यावर १६ लाखांचं कर्ज आहे ताई, म्हणून म्हणते, आज रात्री आधी ती पॉलिसी शोधा, मिळाली नाही तर ज्या एजंटने काढून दिली त्याला फोन करा, आरसी बुकाच्या नंबरवरून कंपनी शोधता येते. बँकेने लोन देताना एकरकमी प्रीमियम कापून लोनचा इन्शुरन्स दिला होता का तेही सँक्शन लेटरमध्ये बघा, काही पॉलिसींमध्ये अपंगत्वाचा कव्हर असतो. आणि सेव्हिंग खात्याच्या पासबुकात मे-जूनमध्ये २० रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, तिच्यात दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तर २ लाख आहेत. अपघातानंतर ३० दिवसांत कळवायचं असतं, तुमचं राहून गेलं असेल तरी हॉस्पिटलचं कारण लिहून अर्ज द्या. इन्शुरन्स कंपनीने क्लेम नाकारला तर वर्षाच्या आत नारायण पेठेत विमा लोकपालाचं ऑफिस आहे तिथे तक्रार करता येते, तिथे वकील उभाच करायचा नसतो, तुम्ही स्वतः बोलायचं, एक पैसा लागत नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागणार म्हटलं ते या सगळ्यासाठी. पीएफ कापला जात होता तर ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचंही विचारा, नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षं भरलेली नसली तरी पेन्शन मिळू शकते.

हे सगळे क्लेम टाकले की त्यांच्या पोचपावत्या बँकेच्या पत्राला जोडा. पैसे यायला वेळ लागेल, अपघात दाव्याचा निकाल यायला तर जास्तच, पण "आमच्याकडे काहीच नाही" आणि "आमचे एवढे क्लेम चालू आहेत, तोवर कमी हप्ता द्या" यात खूप फरक आहे.

मध्येच लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरून जाऊ नका, बँका थकलेली खाती तिथे तडजोडीला लावतात. जाऊन या, पण पॅनेलच्या वकिलाला सोबत घेऊन. तिथे एकदा सही झाली की तो कोर्टाचा हुकूमनामाच होतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून दडपणाखाली न झेपणारा हप्ता मान्य करायचा नाही. बारा हजारांच्या कमाईत किती झेपेल हे आधी घरी बसून लिहून न्या.

आणि एक अवघड गोष्ट पण बोलायला हवी. क्लेम अडले, हप्ता कमी झाला नाही, तर घर स्वतः विकणं हा लिलावापेक्षा कितीतरी बरा मार्ग आहे. बँकेची लेखी परवानगी घेऊन, गिऱ्हाईक तुम्ही शोधून, बाजारभावाने विकलं तर कर्ज फेडून हातात काहीतरी उरतं. लिलावात भाव पडतो. लिलावाची जाहिरात निघाली की कर्ज फेडून घर सोडवून घ्यायचा हक्कही संपतो, त्यामुळे हा निर्णय घ्यायची वेळ आली तर त्या जाहिरातीच्या आधी घ्यायचा. आज ती वेळ आलेली नाही, नुसतं माहीत असू दे.

सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय आणि सेक्रेटरी लिफ्टजवळ बोर्डावर नाव लावतो म्हणाले, असंही लिहिलंय तुम्ही. सोसायटीला वसुलीसाठी उपनिबंधकांकडे जाता येतं, घरातून काढता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, तेही सरळ व्याज. कमिटीला एक साधं पत्र द्या, दरमहा एवढे देते म्हणा, आणि त्याच पत्रात पार्किंगमधल्या दोन पायऱ्यांवर रॅम्प मागा. रॅम्पला नाही म्हणाले तर चर्च रोडला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, राज्याचं हे ऑफिस आपल्या पुण्यातच आहे, तिथे दिव्यांग हक्क कायद्याखाली तक्रार देता येते. बँकेच्या कर्जाचा निकाल ते लावत नाहीत, ते काम डीआरटीचं.

शिवाजीनगरला जाण्याआधी कोणाशी तरी शांतपणे बोलायचं असेल तर लॉ कॉलेज रोडला आयएलएस लॉ कॉलेजचं लीगल एड सेंटर आहे, विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून बघतात, कागद समजून घ्यायला आणि पत्राचा मसुदा नीट करून घ्यायला त्यांची मदत होऊ शकते. वाचकांपैकी ज्यांना उत्पन्नामुळे प्राधिकरणाचा वकील मिळत नाही त्यांनीही तिथे विचारून बघा.

तर ताई, उद्या सकाळी १५१०० ला फोन, परवापर्यंत शिवाजीनगर, दोन अर्ज, अपघाताचा आधी. बँकेला पत्र याच आठवड्यात, दोघांच्या सहीने. साठ हजारवाल्याला नको म्हणून सांगा आणि त्याच्याकडे नोटिशीची मूळ प्रत दिली असेल तर ती परत घ्या. बँकेचं उत्तर आलं की त्यावरची तारीख आणि काय लिहिलंय ते मला कळवा, ताब्याची नोटीस आली तर त्याच दिवशी कळवा, पुढचं कलम १७ चं काय लिहायचं ते तेव्हा बघू.